केशर आणि पाच अतिचार

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेतील मुलांना तोंडपाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आले आहेत. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय घेतला जातो, तेव्हा सातव्या दिवशी त्यांचे विवेचनही होते. साताऱ्याच्या शाहूपुरीत राहणाऱ्या एका कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलीने हे पाचही शब्द अर्थासह एका दमात म्हणून दाखवले होते आणि पाठशाळेत बक्षीस मिळवले होते. बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. तिच्या समजुतीप्रमाणे हे सारे बैल, घोडा किंवा गाढव बाळगणाऱ्यांसाठी सांगितलेले होते. ज्यांच्या दारात जनावर नाही, त्यांचा या दोषांशी काय संबंध? जून महिन्यात त्या घरी जेमतेम चार महिन्यांचे एक पाखरू आले आणि तो संबंध जुळला.

वडिलांच्या एका सहकाऱ्याची परराज्यात बदली झाली. मुलांच्या हट्टापायी घेतलेला पक्षी नव्या गावी नेणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून तो पिंजऱ्यासकट या घरी आला. पक्षी कॉकाटील जातीचा होता. काकाकुव्याच्या कुळातील हा सर्वांत लहान पोपट, मूळचा ऑस्ट्रेलियातला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळसर तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके आणि वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्या ठिपक्यांवरून मुलीने त्याचे नाव केशर ठेवले.

सांगलीत राहणाऱ्या आजींना ही बातमी फोनवरून कळली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘राघू आणलास काय रे?’’ त्या प्रश्नात कौतुक नव्हते. मुलाने समजावून सांगितले, ‘‘नाही आई, हा परदेशी पक्षी आहे. आपला राघू पाळायला कायद्यानं बंदी आहे.’’ ते खरेच होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातील देशी पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरतो. तरीही अनेक अंगणांत राघूचे पिंजरे टांगलेले दिसतात आणि त्यांत काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही.

‘‘मग सोडून दे की त्याला,’’ आजी म्हणाल्या.

सोडणेही सोपे नव्हते. पिंजऱ्यातच जन्मलेल्या त्या जिवाला दाणा कोठे शोधावा, कावळ्यामांजरांपासून कसे लपावे, यांतले काहीच ठाऊक नव्हते. येथले आकाश त्याच्या पूर्वजांचेही नव्हते. खिडकी उघडून त्याला उडवून देणे म्हणजे डोळ्यांआड मरायला पाठवणे झाले असते. हे ऐकून आजी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे बंध आलाच पदरात. आता बाकीचे चार तरी सांभाळा.’’

त्या बोलण्याचा अर्थ घरातल्यांना पुढच्या आठवड्यात उमगला. केशर चावत असे. पाणी बदलायला हात आत गेला की चावे, दाणे घालताना चावे, कौतुकाने बोट पुढे केले तरी चावे. मुलीच्या धाकट्या भावाच्या बोटातून एकदा रक्त आले आणि त्याच्या रडण्याने सारे घर गोळा झाले. वडिलांनी रागाच्या भरात पाखराच्या चोचीवर टिचकी मारली. त्यावर ते तुरा मागे दाबून फूत्कारले आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी हात आत जाण्यापूर्वीच ते अंगावर धावून आले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या काकांनी सांगितले, अर्धा दिवस उपाशी ठेवा, भुकेपुढे सगळे नरम येतात. पक्षी विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितले, घेऊन या, पंखांची पिसे छाटून देतो, उडता येईनासे झाले की माज उतरतो. आई त्रासली होती. एक तर पिसे छाटा, नाही तर पक्षी कोणाला तरी देऊन टाका, असे तिचे म्हणणे होते. ‘‘पिसं नखांसारखी असतात, कापली तर दुखत नाहीत,’’ असे वडीलही म्हणू लागले.

मुलगी हे सारे ऐकत होती. रविवारी सांगलीला फोन लागला तेव्हा तिने हळू आवाजात हिशेब मांडला, ‘‘आजी, पिंजरा म्हणजे बंध. बाबांनी टिचकी मारली, तो वध. काका उपाशी ठेवा म्हणतात, तो अन्नपाननिरोध. आणि आता छेद करायचं चाललंय. आपल्या घरात चार झाले.’’

पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. मग आजींनी नातीला एक गोष्ट सांगितली. आपल्या मुलालाही ती त्यांनी कधी सांगितली नव्हती.

त्यांच्या लहानपणी माहेरच्या घरी एक राघू होता. कृष्णाकाठच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीतून त्यांच्या थोरल्या भावाने तो पिल्लू असतानाच काढून आणला होता. पंख फुटले तसा तो चावू लागला. भावाने त्याच्यावर उपाय केला. चावला की काडीने चोचीवर मारायचे आणि त्या दिवशी वाटी रिकामी ठेवायची. महिन्याभरात राघूने चावणे सोडले. बोट लावा, मान धरा, तो हलत नसे. येणारेजाणारे म्हणत, ‘‘राघू शहाणा झाला हो!’’ सात-आठ वर्षांच्या त्या मुलीला मात्र दिसत होते की तो पेरूची फोडसुद्धा माणूस समोरून गेल्याशिवाय खात नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी निपचित सापडला.

‘‘तो शांत झाला नव्हता बाळ, गप्प झाला होता,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आम्हाला त्यातला फरक कळला नाही. पुढं शिखरजीच्या यात्रेत आम्ही दिल्लीला उतरलो होतो. तिथं लाल मंदिराच्या आवारात पाखरांचा दवाखाना आहे. बऱ्या झालेल्या पाखराला मालकाच्या पिंजऱ्यात परत देत नाहीत, आभाळात सोडतात, असं तिथं कळलं. मी तिथंच खाली बसले. दरवर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागते. त्या राघूची कशी मागू, हे मला अजून कळलेलं नाही.’’

त्या रात्री मुलीने सगळे वडिलांना सांगितले. टिचकी मारलेला हात वडिलांनी थोडा वेळ खिशातून बाहेर काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते केशरला पशुवैद्यांकडे घेऊन गेले. पक्षी आजारी असला किंवा त्याला कोठे दुखत असले तरी तो चावू लागतो, म्हणून आधी तपासणी होणे योग्यच होते. केशरची प्रकृती उत्तम निघाली. डॉक्टरांनी मग जे समजावले, त्याने घरातील सर्वांची दृष्टी बदलली.

पोपटाच्या जातीला चोच हाच हात असतो, ते म्हणाले. लहान पक्षी प्रत्येक वस्तू चोचीत धरून पाहतो. नव्या फांदीवर पाय ठेवण्यापूर्वी ती भार पेलेल की नाही, हे तो चोचीने अजमावतो. पुढे केलेल्या बोटावर त्याने चोच टेकवली तर तो चावा नसतो. आपण घाबरून बोट मागे ओढतो आणि तो धडपडतो. त्यातून तो एवढेच शिकतो की हा हात भरवशाचा नाही. खरा चावा वेगळा असतो आणि त्याच्याआधी पक्षी अनेकदा सांगून पाहतो. तुरा डोक्याशी चापून बसतो, अंग आक्रसते, मान मागे जाते, फूत्कार येतो. या कशाचीच दखल घेतली गेली नाही, तर शेवटी तो चावतो. चावताच हात निघून जातो, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकले जाते. पुढच्या वेळी आधीचे सारे टप्पे गाळून तो सरळ चावतो. ‘‘त्याला चावायला तुम्हीच शिकवलं आहे,’’ डॉक्टर हसून म्हणाले. ‘‘आता न चावता बोललं तरी ऐकू येतं, हे शिकवा.’’

पिसे छाटण्याविषयी त्यांनी स्पष्ट सांगितले की ज्याची पळण्याची वाट बंद होते तो पक्षी चोचीवरच अधिक विसंबतो. उपाशी ठेवण्याविषयी तर त्यांनी कडक शब्दांत बजावले. एवढ्याशा देहात साठा तो किती असणार? एका दिवसाची उपासमारही अशा पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते. घरी आल्यावर वडिलांनी हे फोनवर सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, ‘‘पिसं नखांसारखी असतील, पण उडणं नखासारखं नाही. ते काढून घेतलं तर पाखराचं काय उरलं?’’

मुलीने एक वही घातली. केशर केव्हा चावला, समोर कोण होते, हात कोठून आला होता, तुरा कसा होता, हे ती रोज लिहू लागली. आठवड्याभरात त्या वहीने घराचाच आरसा पुढे धरला. बहुतेक चावे रात्री आठनंतरचे होते. पिंजरा दूरदर्शन संचाशेजारी होता. घरातील माणसे सूर्यास्तापूर्वी जेवून घेत, पण पुढे रात्री साडेदहापर्यंत दिवे आणि आवाज चालू राहत. दहा-बारा तास झोप लागणारे ते पाखरू रोज अर्धवट झोपेत असे. दुसरी नोंद अशी होती की वरून येणाऱ्या हाताला ते हमखास चावते; घार-ससाण्यासारखे शत्रू वरूनच झेप घेतात, ही भीती त्याला जन्मजात मिळालेली असते. तिसरी नोंद भावाच्या मित्रांची होती. शाळा सुटली की चार-पाच मुले येत आणि प्रत्येकाला केशर हातावर हवा असे.

हे लिहिता लिहिता मुलीचे पेन थांबले. शक्तीबाहेर ओझे लादणे, म्हणजे अतिभारारोपण. गाडीला जुंपलेल्या बैलापुरता वाटणारा तो शब्द शंभर ग्रॅमच्या पाखरालाही लागू पडत होता. पाचवा अतिचारही घरातच निघाला. नकळत घोकलेल्या शब्दांना आपण पोपटपंची म्हणतो. त्या पोपटपंचीतून तिला बाहेर काढणारा गुरू पोपटच निघाला.

मग बदल सुरू झाले. पिंजरा आतल्या शांत खोलीत, छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागेल असा ठेवला गेला. दिवेलागणीनंतर त्यावर सुती कापड पडू लागले. उदबत्ती आणि धूप त्या खोलीपासून दूर गेले, कारण धूर या पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. पहिले सहा दिवस कोणीही पिंजऱ्यात कामाशिवाय हात घातला नाही. मुलगी रोज शेजारी बसून पाठशाळेचा धडा मोठ्याने वाचत असे, इतकेच. सातव्या दिवशी तिने गजांतून राळ्याचे एक कणीस पुढे केले. जुन्या काळी आपल्या भागात घरोघरी शिजणारा हा राळा या पक्ष्यांचा अत्यंत आवडता खाऊ आहे. नेहमीची वाटी भरलेलीच ठेवायची आणि हे कणीस मात्र फक्त हातातून द्यायचे, असा नियम ठरला. त्यामुळे केशर भुकेपोटी जवळ येणार नव्हता. त्याला वाटले तरच येणार होता. त्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, एक दाणा खुडून मागे सरला.

पुढच्या आठवड्यात पिंजऱ्याचे दार उघडले गेले. साताऱ्याचा पावसाळा असल्याने पंख्याची गरज नव्हती. खिडक्या तेवढ्या नीट लावून घेतल्या जात. मुलगी आधी एक गुळगुळीत काडी पोटाच्या खालच्या बाजूला आडवी धरी आणि ‘‘ये’’ म्हणे. तो काडीवर चढला की राळ्याचे दाणे मिळत. काही दिवसांनी काडी आखूड होत गेली आणि शेवटी तिच्या जागी बोट आले. दिवसातून दोनदा, पाच मिनिटे, त्याहून अधिक नाही. तुरा चापला, अंग आक्रसले, की तेथेच थांबायचे आणि हात सावकाश मागे घ्यायचा. जोराने चोच लागलीच तर ओरडायचे नाही, झटकायचे नाही. त्याला अलगद खाली ठेवून थोडा वेळ पाठ फिरवून बसायचे. आरडाओरड्याने पक्षी एक तर घाबरतो किंवा त्याला तो खेळ वाटतो. दोन्हींमुळे चावणे वाढतेच.

सर्वांत अवघड गेले ते वडिलांना. त्यांचा हात दिसला की केशर अजूनही फूत्कारत असे. घाई करून चालणार नव्हते, म्हणून ते रोज कामावरून आल्यावर खोलीच्या दारात दहा मिनिटे नुसते बसत. एकदा आईने विचारले, ‘‘त्याला कसं आठवत असेल हो एवढं?’’ ते म्हणाले, ‘‘मला आठवतंय ना, मग त्याला आठवणारच.’’ ऑगस्ट अखेरीस एका संध्याकाळी केशर उडत येऊन त्यांच्या गुडघ्यावर बसला. ते जागचे हलले नाहीत, आणि त्या दिवशी जेवायलाही सर्वांत शेवटी आले.

दशलक्षण पर्वाचे शेवटचे चार दिवस गणपतीच्या सुट्टीला जोडून आले आणि कुटुंब सांगलीला निघाले. केशरला मागे ठेवणे शक्य नव्हते. झाकलेल्या लहान पिंजऱ्यात बसून तोही कऱ्हाड, पेठनाका, आष्टा करत कृष्णाकाठी पोहोचला. ढोलताशांचा आवाज पोहोचू नये म्हणून त्याला मागच्या खोलीत ठेवले. सातव्या दिवशी मंदिरात सातव्या अध्यायाचे वाचन झाले. अतिचारांची नावे आली तशी मुलीने आजींकडे पाहिले. आजींचे डोळे मिटलेले होते.

त्या दिवशी लवकर जेवण उरकल्यावर आजी मागच्या खोलीत आल्या. खिडकीच्या काचेबाहेर नदीकडच्या झाडांवर रानातले राघू मुक्कामाला परतत होते आणि त्यांच्या कलकलाटाने केशरचा तुरा ताठ उभा राहिला होता. मुलीने तो बसेपर्यंत थांबायला लावले, मग आजींचा हात योग्य उंचीवर धरायला शिकवले. वयामुळे तो हात थरथरत होता. पक्ष्याला स्थिर फांदी हवी असते हे आता सर्वांना ठाऊक होते, म्हणून कोणालाच फारशी आशा नव्हती. केशर काडीच्या टोकाशी आला. त्याने मान पुढे केली आणि आजींच्या बोटावर चोच टेकवली. आजींनी श्वास रोखला, पण बोट मागे घेतले नाही. चोच थोडी दाबली गेली, सैल झाली. मग एक पाय आला आणि पाठोपाठ दुसरा. कंप पावणाऱ्या त्या बोटावर तो तोल सावरत बसला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र केशर धाकट्या भावाला चावला. महिन्याभरापूर्वी असे झाले असते तर घर गोळा झाले असते. या वेळी मुलगी वही घेऊन बसली आणि भावाला विचारू लागली, हात कोठे लावलास, केव्हा लावलास? त्याने डोके खाजवले होते. तुऱ्याच्या मुळाशी नव्या पिसांचे बारीक काटे फुटत होते. पिसे झडून नवी येण्याचा काळ होता, आणि त्या काट्यांना नुसता स्पर्शही दुखतो. भावाने बोट धुतले आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिले, ‘‘डोक्याला हात नको.’’

क्षमावाणीच्या दिवशी घरात सर्वांनी एकमेकांची क्षमा मागितली. मुलगी शेवटी आजींजवळ आली आणि म्हणाली, ‘‘आजी, केशरची क्षमा मागायची का? तो पिंजऱ्यातच आहे की अजून.’’

दिवसाचे चार तास पिंजऱ्याचे दार उघडे असे, तरी ते दार होते, हे खरेच होते. कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्याचा सांभाळ करायचा आणि या घरात पुन्हा पक्षी विकत आणायचा नाही, असे वडिलांनी आदल्या दिवशीच मंदिरात ठरवले होते. आजींनी त्यातली कोणतीही गोष्ट समाधान म्हणून नातीला सांगितली नाही.

‘‘माग की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण कशाबद्दल मागतेस, ते वहीत लिहून ठेव. म्हणजे पुढच्या वर्षी त्यातलं काय कमी झालं, ते बघता येईल.’’ मग थोड्या वेळाने त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली, चष्मा लावला, आणि एका कोऱ्या पानावर थरथरत्या अक्षरांत सर्वांत वर लिहिले : राघू.